शिबिर उठून गेल्यावर

एप्रिल आला की आपल्या वस्त्यांत आरोग्य शिबिरांची रांग लागते. विहाराच्या अंगणात मंडप पडतो, बॅनर लागतो, टेबलामागे पांढरे कोट घातलेली मंडळी बसतात. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात, बोटाला सुई टोचून साखर पाहतात, लाल-पिवळ्या गोळ्यांची पाकिटे वाटतात. दुपारी दोनच्या सुमारास पाहुण्यांचा सत्कार होतो, फोटो निघतो, मंडप उतरतो. ज्या बाईला "साखर दोनशे ऐंशी आहे, दवाखान्यात दाखवा" असे सांगितले, तिने कोणत्या दवाखान्यात जायचे, कोणत्या वारी, केसपेपर काढायला कोण मदत करणार, हे कोणी सांगत नाही. तिचे नाव ज्या वहीत लिहिले ती वहीही शिबिरवाल्यांबरोबर जाते. पुढच्या एप्रिलमध्ये तिला पुन्हा तेच ऐकवतात. आकडा तेवढा वाढलेला असतो.

आमचा शिबिरांना विरोध नाही. रक्तदानाचे काम एका दिवसाचेच आहे, ते शिबिरातच शोभते. मोतीबिंदूचे रुग्ण शोधून त्यांची शस्त्रक्रिया करून देणारे शिबिरही कामाचे. पण मधुमेह, रक्तदाब आणि क्षयरोग हे एका सकाळचे आजार नाहीत. क्षयरोगाचे औषध साधारण सहा महिने रोज घ्यावे लागते, साखरेचे तर जन्मभर. बाबासाहेबांनाही मधुमेहाने वर्षानुवर्षे छळले. त्यांच्या आणि माता रमाईंच्या पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गेली. आपल्या समाजाच्या इतिहासात आजारपण हे असे घरातच बसलेले आहे. त्याला वर्षातून एकदा पाहुणा म्हणून येणारी सेवा पुरणार नाही. वस्तीत वर्षभर मुक्काम करणारी संस्था लागेल, आणि ती शक्यतो आपली असावी.

'संस्था' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे येतात. एक म्हणजे जीप घेऊन येणारी, फॉर्म भरून घेणारी एनजीओ. दुसरे म्हणजे वर्गणी, मिरवणूक आणि डॉल्बी यांत वर्ष काढणारे मंडळ. बाबासाहेबांची संस्थेची कल्पना या दोन्हींहून निराळी होती, आणि तिचा एक धागा थेट सोलापुरात आहे. 20 जुलै 1924 रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेने सुरुवातीला जी ठोस कामे केली त्यांत सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह होते. 4 जानेवारी 1925 ला ते सुरू झाले. जिवाप्पा ऐदाळे यांनी त्याची व्यवस्था पाहिली. मुलांचे जेवण, कपडे, वह्या-पेन्सिली असा सगळा खर्च सभा करी आणि सोलापूर नगरपालिका दरमहा 40 रुपये अनुदान देई.

या 40 रुपयांवर आम्ही मुद्दाम थांबतो. सभेचे अध्यक्षपद सर चिमणलाल सेटलवाड यांच्याकडे होते, म्हणजे बाहेरच्या माणसांची मदत घ्यायला बाबासाहेबांना संकोच वाटला नाही. पण व्यवस्थापक मंडळाचे चेअरमन ते स्वतः होते. आणि समाजाची वर्गणी असली तरी नगरपालिकेचा वाटा त्यांनी सोडला नाही. मदत घ्यावी, कारभार आपल्या हातात ठेवावा आणि सरकारला त्याच्या जबाबदारीतून मोकळे करू नये, अशी ती रीत होती. आज आपल्या वस्त्यांत आरोग्याचे काम करायला येणाऱ्या किती संस्था या तीन कसोट्यांवर उतरतील, ते वाचकांनी आपापल्या वस्तीत पाहावे.

ही रीत आरोग्यात चालते का? चालते, आणि त्याची उदाहरणे फार लांब नाहीत. जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. त्यांचा मोठेपणा दवाखाना उभारण्यात नाही, दवाखाने पुष्कळांनी उभारले. त्यांनी गावागावांतून बायका निवडायला सांगितल्या. त्यांत अंगठा उठवणाऱ्या होत्या, टाकलेल्या होत्या, आणि आपल्या समाजाच्याही होत्या. दर आठवड्याला त्यांना जामखेडला बोलावून शिकवले: बाळंतपण कसे ओळखायचे, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, कुष्ठरोगाचा डाग कसा तपासायचा. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तीच बाई गावची बाळंतपणे करू लागली. 1971 च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांमागे 176 बाळे वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या वीस-बावीस वर्षांत तो आकडा विसाच्या आसपास आला.

पाण्याची गोष्ट तर प्रत्येक विहारात सांगावी अशी आहे. दुष्काळात कूपनलिका घ्यायच्या होत्या. डॉ. आरोळ्यांनी पाणी शोधणाऱ्याला सांगितले, जागा दलित वस्तीतच शोध. पाणी तिथे लागले, हापसा तिथे बसला, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला पाणवठ्यावरून हाकलले त्यांच्या घरच्या बाया घागर घेऊन आपल्या वस्तीत येऊ लागल्या. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा. त्यानंतर इतक्या वर्षांनी एका डॉक्टरने हापशाच्या जागेवरून तोच प्रश्न सोडवायला घेतला. आरोग्याच्या कामात जात कुठे येते, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे.

त्याहून जवळ यायचे तर हैदराबाद रस्त्याने नळदुर्गच्या पुढे अणदूरला जावे. तिथे डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतल्या कमी शिकलेल्या बायकांना तयार करून 'भारतवैद्य' हे नाव दिले. औषधांची पेटी, वजनकाटा आणि शिक्षण एवढ्या भांडवलावर या बायकांनी गावे सांभाळली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने तर गावातली शिकवलेली बाई नवजात बाळाला घरीच वाचवू शकते हे मोजून दाखवले. 39 गावांतल्या त्या कामाचा निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आज तुमच्या दारात येणारी आशाताई हे अशाच कामांतून सरकारने उचललेले रोप आहे. मात्र तिला पुरेसे मानधन वेळेवर मिळावे म्हणून मोर्चे काढावे लागतात. रोप उचलले, पाणी घालायला सरकार विसरते.

इथे आम्हाला वाचकांना जरा दूर न्यायचे आहे. ऑक्टोबर 2023 पासून टीव्हीवर गाझाची दृश्ये आपण पाहत आलो: पडलेली रुग्णालये, स्ट्रेचरवरची लेकरे. तिथे इतकी वर्षे आरोग्याचे काम कोण करत होते, हे मात्र बातम्यांत फारसे येत नाही. 1967 च्या युद्धानंतर पश्चिम किनारा आणि गाझा हे पॅलेस्टिनी भाग इस्रायली लष्कराच्या ताब्यात गेले. लष्करी राजवटीत खेड्यांतल्या दवाखान्यांना कोण विचारतो? 1979 मध्ये डॉ. मुस्तफा बरघूती आणि त्यांच्यासारखे काही तरुण डॉक्टर, आरोग्यसेवक स्वतःहून गावांत आणि निर्वासितांच्या छावण्यांत फिरते दवाखाने घेऊन जाऊ लागले. त्यातून वैद्यकीय मदत समित्यांचा संघ उभा राहिला. त्यांनीही गावातल्या मुली निवडल्या, त्यांना शिकवले, घरोघर पाठवले. जामखेड आणि जेरुसलेम यांच्यात काही पत्रव्यवहार होता की नाही, हा प्रश्न इथे नाही. ज्या लोकांच्या दारात सरकार येत नाही, त्यांना सुचणारा मार्ग सगळीकडे जवळपास सारखाच असतो, एवढे दिसते.

डिसेंबर 1987 मध्ये तिथे मोठा उठाव झाला. संचारबंदीत गावेच्या गावे अडकली. मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचणे अवघड झाले तेव्हा या समित्यांनी लोकांना प्रथमोपचार शिकवले, गल्लीत कामचलाऊ दवाखाने चालवले. त्यांच्या कामाला एक उणी बाजूही होती, ती झाकण्यात अर्थ नाही. प्रत्येक राजकीय गटाने आपली वेगळी आरोग्य समिती काढली. एका गावात दोन गटांचे दोन दवाखाने आणि शेजारच्या गावात एकही नाही, असेही घडले. गटातटांची ही कथा वाचून आपल्याकडच्या रिपब्लिकन वाचकाला वेगळे काही सांगायला नको.

मग 1993 चा ओस्लो करार झाला आणि पुढच्या वर्षी पॅलेस्टिनी प्राधिकरण आले. आता आपलेच आरोग्य खाते आहे म्हणून परदेशी देणगीदारांनी पैसा तिकडे वळवला. समित्यांचे बरेच दवाखाने बंद पडले किंवा खात्याकडे गेले. टिकलेल्या संस्थांना जगण्यासाठी देणगीदारांच्या प्रकल्पांच्या चौकटीत बसावे लागले. जो विषय यंदा देणगीदाराच्या यादीत, तोच विषय यंदा गावात. पूर्वी लोकांच्या बैठकीत ठरणारी कामे कार्यालयात ठरू लागली, ही टीका पॅलेस्टिनी अभ्यासकांनीच केली आहे. एवढे करूनही संस्था सुरक्षित राहिल्या असे नाही. जून 2021 मध्ये इस्रायली लष्कराने एका मोठ्या आरोग्य संस्थेचे, हेल्थ वर्क कमिटीजचे, मुख्य कार्यालय सहा महिने बंद करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सहा पॅलेस्टिनी नागरी संस्थांना इस्रायलने दहशतवादी ठरवले. जानेवारी 2024 मध्ये, गाझात बॉम्ब पडत असताना, अमेरिकेसह अनेक देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित मदत यंत्रणेचा, युनर्वाचा, पैसा थांबवला. 1950 पासून ही यंत्रणा निर्वासितांचे दवाखाने आणि शाळा चालवत आली होती. लाखो लोकांच्या औषधपाण्याचे भवितव्य टांगणीला लागले.

पॅलेस्टिनी लोकांचे दुःख आणि आपले दुःख एकाच मापाचे आहे, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या वस्तीवर बॉम्ब पडत नाहीत. पण दात्याच्या मर्जीवर उभे राहिलेले आरोग्य किती तकलादू असते, हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल?

परदेशी मदत म्हणजे पाप, असेही नाही. आपल्याच शहराचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले आणि तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करत 9 डिसेंबर 1942 रोजी वारले. भैय्या चौकातले त्यांचे स्मारक आपण येता-जाता पाहतो. एका देशाने दुसऱ्याच्या जखमा बांधाव्यात ही सोलापूरला माहीत असलेली गोष्ट आहे. बौद्ध समाजाचे उदाहरण तर पुण्याच्या दापोडीचे. तिथे त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने 1980 नंतरच्या काळात वस्तीत आरोग्याचे काम सुरू केले. लोकमित्र या इंग्रज धम्मचाऱ्यांचा त्यात मोठा वाटा होता. इंग्लंडमधले तरुण बौद्ध घरोघर जाऊन दारावर थाप मारून यासाठी देणग्या गोळा करत. त्या कामातून वाढलेल्या 'बहुजन हिताय'ने वसतिगृहे आणि बालवाड्या चालवल्या, त्यांत शिकलेली मुले आज नोकरीला आहेत. त्या अनोळखी दारांमागच्या माणसांचे ऋण आपण मानतो.

पण नियम बदलतात. परदेशी देणग्यांचा कायदा 2010 चा, त्यात 2020 मध्ये दुरुस्ती झाली. आता एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. कार्यालयीन खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली आहे. खाते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उघडावे लागते. मोठ्या संस्थेकडून पैसे घेऊन वस्तीत काम करणाऱ्या छोट्या गटांचा झरा या कलमांनी आटला. आरोग्यसेविकेचा पगारही कार्यालयीन खर्चात धरला जाईल की काय, या धास्तीने संस्था माणसे कमी करतात. हे चूक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. पण कायदा उद्या सैल झाला तरी आपल्या आयाबहिणींच्या गोळ्या दिल्लीच्या खात्यावर अवलंबून ठेवणे शहाणपणाचे नाही.

यावर काही कार्यकर्ते म्हणतात, आरोग्य हे सरकारचे काम. आपण वही-पेन घेऊन बसलो तर सरकारला आयतीच सुटका मिळेल. हा आक्षेप खरा आहे आणि तो बाबासाहेबांच्या मार्गातूनच येतो. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला तो दयेच्या भाषेत नव्हे, हक्काच्या भाषेत. नोव्हेंबर 1938 मध्ये संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांच्यामार्फत मांडला गेला, त्यामागेही बाबासाहेब होते. ज्या प्रश्नाला कायदा लागतो तिथे कायदाच हवा.

सोलापूरचे पाणीच घ्या. उजनी धरण उशाला असून शहराच्या नळाला वर्षानुवर्षे तीन-चार, कधी पाच दिवसांनी पाणी येत आले. मग घराघरांत पिंप, टाकी, हंडे भरून ठेवावे लागतात. त्या साठवलेल्या पाण्यात डासांची अंडी होतात, डेंग्यू येतो, आणि आरोग्य खात्याचा माणूस येऊन "पाणी साठवू नका" असा कागद चिकटवून जातो. कोणत्याही संस्थेच्या शिबिराने हा आजार बरा होणार नाही. तो महापालिकेच्या दारात बरा व्हायचा आहे. पण महापालिकेत जाताना हातात काय घेऊन जाणार? "आमच्याकडे फार डेंग्यू आहे" एवढे म्हटले की साहेब मान हलवतात. अमुक गल्लीत जून ते सप्टेंबर इतक्या घरांत ताप, इतकी माणसे दवाखान्यात, त्या काळात पाणी या तारखांना आले, असा कागद टेबलावर ठेवला की मान हलवणे कठीण जाते. हा कागद वस्तीतली संस्थाच तयार करू शकते. सरकारची सुटका करण्यासाठी नव्हे, सरकारला धरण्यासाठी वही लागते.

आणखी एका ठिकाणी वही लागते, आणि तिथे तर पैसा आधीच ठेवलेला आहे. सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या नावाने नोंदलेली, सवलतींचा लाभ घेणारी रुग्णालये धर्मादाय रुग्णालये म्हणून ओळखली जातात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या 41 अअ कलमाखाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवायच्या आहेत. रुग्णांच्या एकूण बिलातले 2 टक्के बाजूला काढून निर्धन रुग्ण निधी ठेवायचा आहे. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यायचे आहे. मोफत खाटेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 80 हजार आणि सवलतीच्या खाटेसाठी 3 लाख 60 हजार रुपये अशी वाढवली आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागते. हेही स्वयंसेवी संस्थांचेच आरोग्यकार्य आहे, फक्त ते आपल्याला कोणी सांगत नाही. रात्री अकरा वाजता काउंटरवर "खाटा भरल्या" हे उत्तर मिळाले की आपला माणूस दागिना मोडायला निघतो. त्या क्षणी कायदा माहीत असलेले कोणी सोबत असले, लेखी नकार मागितला, आणि दुसऱ्या दिवशी धर्मादाय आयुक्तांच्या सोलापूर कार्यालयात अर्ज दिला, तर चित्र बदलते.

विनयपिटकातली एक हकीकत बौद्धाचार्य प्रवचनात सांगतात. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग इतर भिक्खूंना विचारले, याला कोणी का पाहिले नाही? उत्तर आले, तो आमच्या काही उपयोगी पडत नव्हता. हे उत्तर आम्हाला अस्वस्थ करते, कारण वस्तीतली एकटी म्हातारी, दारू सोडू न शकलेला, क्षयरोगाच्या गोळ्या अर्ध्यावर टाकलेला पोरगा, यांच्याबद्दल आपणही मनात तेच म्हणतो. मंडळाला त्यांचा उपयोग नसतो. वर्गणीही मिळत नाही.

म्हणून आमचे म्हणणे विहारांच्या विश्वस्तांना, महिला मंडळांना आणि जयंती मंडळांना आहे. रविवारी वंदना संपल्यावर विहार कुलूप लावून बंद होते. ते दोन तास उघडे ठेवा. वस्तीतल्या दोन शिकलेल्या सुना किंवा मुली निवडा, त्यांना आशाताईंसोबत बसवा, रक्तदाब मोजायला शिकवा. त्यांना मानधन द्या, फुकट राबवू नका. डॉल्बीच्या एका रात्रीच्या खर्चात एका मुलीचे कित्येक महिन्यांचे मानधन निघते. एक वही ठेवा आणि ती विहारातच राहू द्या. तिच्यात कोणाला साखर आहे, कोणाची गोळी कोणत्या तारखेला संपते, कोण गरोदर आहे, क्षयरोगाच्या कोणत्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेचे पैसे आले नाहीत, ते लिहा. ही रक्कम नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये झाली आहे, पण बँक खाते जोडलेले नसले तर ती अडकते. आजाराची नोंद म्हणजे माणसाची अब्रू असते, तेव्हा ती वही चावडीवर वाचायची नाही. क्षयरोगाच्या आणि एचआयव्हीच्या रुग्णांची नावे फक्त त्या दोघींनाच माहीत असावीत.

बाहेरची संस्था शिबिर घेऊन आली तर स्वागत करा, चहा द्या, मंडप घाला. पण आधी विचारा: तपासलेल्यांची यादी आमच्याकडे राहील का? ज्यांची साखर जास्त निघेल त्यांना महिन्याभराने पुन्हा कोण तपासेल? आमच्या दोन मुलींना तुम्ही काय शिकवून जाल? या प्रश्नांना होकार देणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम करता येते. ज्यांना फक्त फोटो हवा आहे त्या पुढच्या वस्तीत जातील, जाऊ द्या.

सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत सकाळी आठला उभे राहायचे असते. वहीत नाव असलेल्या बाईसोबत पहिल्या खेपेला त्या दोघींपैकी एकीने जावे. दुसऱ्या खेपेला ती बाई एकटी जाते, असा वस्त्यांत काम करणाऱ्या बहुतेकांचा अनुभव आहे.